पेडल सोडतं कसं, ते आधी बघ

अरे, टेकडीवर सायकल आता बऱ्यापैकी हाताशी आली म्हणतोस, आणि बूट अडकवून धरणारं क्लिपलेस, म्हणजे बोलण्यातलं क्लिपचं, पेडल घेऊ का, घेतलं तर कोणतं, असं विचारतोस. दुकानात गेलास की जो तो तुला पेडल पाय किती पक्का धरतं ते सांगेल. वजन सांगेल, बेअरिंग फिरवून दाखवेल. त्या धरण्याचं फार कौतुक करू नकोस. बरं पेडल घेतलंस की ते पाय धरतंच. डोंगरात प्रश्न येतो तो पाय सुटण्याचा. हवा तेव्हा सुटतो का, नको तेव्हा सुटत नाही ना, चिखल भरल्यावर सुटतो का, आणि घाबरलेल्या माणसाचाही सुटतो का. ही एक कसोटी पक्की धर. तुझी आत्या पुढे जे सांगते आहे ते सगळं याच कसोटीवर घासून घेतलेलं आहे.

आधी साधं पेडल, मग क्लिपचं

नवीन असशील तर थोडं थांब. पिनांचं रुंद, साधं पेडल आणि चिकट रबराच्या तळाचा बूट, एवढ्यावर एक हंगाम काढ. पुढचं चाक दगडावर चढवणं, मागचं चाक हलकं करणं, उतारावर टाचा खाली दाबून वजन मागे नेणं, ही कामं पायाने आणि कमरेने शिकायची असतात. क्लिपवर लवकर गेलेली मुलं मागचं चाक पायाने सरळ वर खेचतात. चाक उचललं जातं, पण कसब अंगात येत नाही, आणि ऐन वेळी पाय सुटला की सगळा तोल जातो. साध्या पेडलवर तसं करताच येत नाही. तिथे चवडा खाली वळवून पेडल मागे रेटावं लागतं, तेव्हा कुठे चाक उठतं. हे एकदा जमलं की क्लिपवर गेल्यावरही सवय टिकते.

साधं पेडल म्हणजे शिकाऊंची पायरी असंही समजू नकोस. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सीरिजचा विजेता ठरला, तो साध्या पेडलवर. तुला उतारावर खेळायचंय, उड्या मारायच्यात, लांब चढ नाहीत, तर क्लिपचा खर्च करू नकोस. क्लिपचं खरं काम लांब चढावर, दिवसभराच्या फेरीत, आणि खडबडीत वाटेवर पाय पेडलवरून उडायला लागतो तिथे. ती गरज तुला जाणवत असेल तरच पुढचं वाच.

दोन स्क्रूची क्लीटच घे

पूर्वी पेडलला पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा. पाय मागे ओढून काढावा लागे, आणि पट्टा आवळलेला असला तर आधी हाताने सैल करावा लागे. डोंगरउतारावर एवढी सवड कुणाकडे असते? १९८४ मध्ये फ्रान्सच्या लूक कंपनीने वेगळं पेडल आणलं. ही कंपनी मुळात बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायच्या पकडी बनवणारी. पडताना पाय आपोआप सुटावा ही विद्या तिला ठाऊक होती, तीच तिने सायकलला लावली. १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने हीच पेडलं वापरून जिंकली आणि रस्त्यावरच्या सायकलींचा प्रश्न मिटला. डोंगरातला मात्र राहिलाच, कारण तिची क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा आणि पेडलात अडकणारा तुकडा, मोठी असल्याने तळातून बाहेर यायची आणि तिच्यावर धड चालता येत नसे.

१९९० मध्ये शिमानो कंपनीने एसपीडी हे पेडल आणलं. छोटी धातूची क्लीट, दोन स्क्रू, आणि ती तळाच्या खाचेत आत बसलेली. उतरून चालता येतं, दगडावर पाय ठेवता येतो. पेडलच्या दोन्ही बाजूंना पकड असल्याने पाय कसाही ठेवला तरी चालतो. आपल्या सह्याद्रीत हे फार महत्त्वाचं, कारण इथे सायकल चालवतो तितकीच खांद्यावरही घ्यावी लागते. म्हणून दुकानात तीन भोकांचा बूट किंवा एसपीडी-एसएल असं नाव दिसलं तर ते रस्त्याच्या सायकलचं आहे, बाजूला ठेव. नावं जवळजवळ सारखी असल्याने खरेदीत इथेच घोळ होतो.

एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला साधं, अशीही पेडलं मिळतात. ऑफिसला जायला ती उत्तम. टेकडीवर नकोत. दगडांतून पाय टाकून पुन्हा पेडलवर ठेवशील तेव्हा वरची बाजू कोणती हे बघायला तुला वेळ मिळणार नाही.

पेडलच्या आधी क्लीट विचार

लोक पेडलवर तासभर बोलतात आणि क्लीट पेटीतून निघेल ती लावतात. पाय कसा सुटणार हे निम्मं क्लीटवर ठरतं. शिमानोच्या बहुतेक पेट्यांत काळी क्लीट येते, एसएच ५१. ती टाच बाजूला वळवली तरच सुटते. दुसरी एसएच ५६, बहुधा चंदेरी. ती टाच बाजूला वळवूनही सुटते आणि पाय तिरका वर ओढला तरीही सुटते. घाबरलेला माणूस पाय वळवत नाही, उपसतो. म्हणून सुरुवात चंदेरीवर कर. ती वेगळी विकत घ्यावी लागते, पेडलच्या मानाने खर्च फार नसतो. पुढे चढावर जोर लावताना पाय नको तेव्हा निसटायला लागला की समज, तू शिकलास, आता काळी लाव.

क्रँकब्रदर्स या दुसऱ्या कंपनीच्या पितळी क्लीटमध्ये दोन सोयी असतात. एकाच जोडीतली खूण असलेली क्लीट उजव्या बुटाला लावली की डाव्या, यावर टाच १५ अंशांवर सुटणार की २० अंशांवर, हे ठरतं. टाइम कंपनीच्या एटॅक पेडलांतही तसंच, १३ किंवा १७ अंश. सोबतचा कागद वाच आणि सुरुवातीला लहान कोनच लाव.

सुटण्याआधी पाय थोडा मोकळा हलतो, त्याला फ्लोट म्हणतात. एसपीडीत तो साधारण ४ अंश, क्रँकब्रदर्सच्या नेहमीच्या क्लीटमध्ये ६ अंश. टाइममध्ये पाय आडवाही जरा सरकतो. गुडघे कुरकुरत असतील तर हा मोकळेपणा कामाचा. पण मोकळेपणा वाढला की सुटण्याचा क्षण थोडा पुढे जातो, हेही ध्यानात ठेव. आणि एका कंपनीची क्लीट दुसरीच्या पेडलात चालेल असं गृहीत धरू नकोस. लूकची एक्स-ट्रॅक पेडलं एसपीडीच्या मापाची आहेत, पण क्रँकब्रदर्स आणि टाइम यांची क्लीट ज्याची त्यालाच.

माती बघून पेडल ठरव

पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात मुरूम असतो. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर दोन पावलं चाललास की बारीक खडा क्लीटच्या खाचेत जाऊन बसतो. मग पाय पेडलमध्ये आवाज करून बसत नाही, आणि अर्धवट अडकलेला पाय हा सर्वांत वाईट, कारण तो धरलेला आहे की सुटलेला हे तुलाच कळत नाही. चालून आलास की सायकलवर बसायच्या आधी तळव्याकडे एकदा बघायचं आणि क्लीट पेडलच्या कडेवर दोनदा आपटायची. ही सवयच लावून घे.

पावसाळ्यात खेळ बदलतो. एसपीडीची पुढची पकड पक्की असते आणि मागची स्प्रिंगवर मागे सरकते. त्या मागच्या पकडीखालच्या पोकळीत चिखल ठासून बसला की ती सरकायला जागाच उरत नाही. पाय आत जात नाही, किंवा गेलेला जड सुटतो. क्रँकब्रदर्सचं एगबीटर चार पंखांचं आणि सगळीकडून उघडं. पाय दाबला की चिखल पलीकडून बाहेर पडतो. टाइमही चिखलाला बरंच मोकळं. तुझ्या फेऱ्या जून ते सप्टेंबर ताम्हिणी, मुळशी, महाबळेश्वर, कोकणातली जांभ्याची लाल माती अशा भागांत असतील, तर या दोघांचा विचार कर.

पण दुसरी बाजूही ऐक. पितळ मऊ असतं. बेसॉल्टच्या कातळावर सायकल ढकलत चालायचं तर पितळी क्लीट पोलादीपेक्षा लवकर झिजते. एगबीटरचे पंख उघडे असल्याने दगडावर आपटले तर पाय अचानक सुटूही शकतो. आणि त्याची स्प्रिंग कमी-जास्त करता येत नाही. म्हणजे चार महिन्यांच्या चिखलासाठी आठ महिन्यांच्या दगडाकडे दुर्लक्ष करायचं का, हे तुझ्या फेऱ्या बघून तूच ठरव. पावसात घरीच बसणार असशील तर एसपीडीच बरं.

काळ्या मातीत मात्र कुठलंच पेडल तुला वाचवणार नाही. ती टायरवर, फ्रेमवर, बुटावर थराथराने चढते आणि चाकच अडकतं. पाऊस पडून गेल्यावर त्या वाटेला जाऊच नये, आणि गेलास तर शेतकऱ्याच्या बांधाचंही नुकसान होतं.

पेडलचं अंग किती असावं

काही पेडलं नुसती पकडीपुरती असतात, काहींना भोवती चौकट असते. शर्यतवाल्यांना पहिली आवडतात, हलकी आणि खडकाला कमी लागणारी. तुझ्यासारख्याने चौकटवालं घ्यावं असं मला वाटतं, आणि कारण पुन्हा सुटण्याचंच. खडकाळ उतारावर पाय सुटला आणि लगेच परत बसला नाही, तर क्लिप न लावताही पेडलवर उभं राहायला काहीतरी हवं. छोट्या गुळगुळीत पेडलवर धातूची क्लीट साबणासारखी घसरते आणि क्रँक नडगीला लागतो. शिमानोची एम ५३० आणि तिच्याच एक्सटी मालिकेतली एम ८१२० ही चौकटवाली आहेत. क्रँकब्रदर्समध्ये एगबीटरला छोटं अंग दिलं की कँडी, मोठं दिलं की मॅलेट. मॅलेट उताराच्या सायकलचं. तुला कँडी पुरे.

चौकट असली म्हणजे बुटाच्या तळाशी तिचं जमलं पाहिजे. बूट क्लिपमध्ये बसव आणि तळाच्या रबरी खाचा चौकटीवर कशा टेकतात ते बघ. हलक्या टेकल्या तर छान, पाय डगमगत नाही. दाबून बसल्या तर पाय सुटताना रबर घासतं आणि जोर लागतो. मग क्लीटखाली पातळ चकती घालून ती उचलावी, किंवा आड येणारं रबर धारदार चाकूने जरासं तासावं. हे काम घरी, उजेडात बसून कर. वाटेत कळून उपयोग नसतो.

वजनावर पैसे घालू नकोस

शिमानोचं जुनं भरवशाचं एम ५२० जोडीला ३८० ग्रॅम भरतं. एक्सटीचं एम ८१०० भरतं ३४२ ग्रॅम. फरक ३८ ग्रॅमचा, म्हणजे बाटलीतल्या दोन घोट पाण्याएवढा. पकड तीच, क्लीट तीच. महाग पेडलात बेअरिंगचं सीलिंग चांगलं असतं, बांधणी नेटकी असते, ते खरं. पण शिकतानाची पहिली जोडी दगडावर आपटून खरवडली जाणारच. उरलेले पैसे बुटात घाल.

बूट संध्याकाळी घे, आणि जमिनीवर चालून बघ

दिवसभरात पाय थोडा फुगतो, तसाच तो लांब फेरीतही फुगतो. म्हणून बूट संध्याकाळी, नेहमीचे मोजे घालून बघ. आपल्याकडे पुष्कळांचे चवडे रुंद असतात. त्यांनी मोठा नंबर घेऊन टाच सैल ठेवण्यापेक्षा रुंद साचा मागावा. शिमानो काही बूट रुंद मापात काढते. टाच बुटात सैल असेल तर तू पाय वळवशील तेव्हा आधी पाय बुटात फिरेल, मग बूट पेडलात. तेवढा उशीर डोंगरात महागात पडतो.

तळ फार कडक नको. कार्बनचा तळ जोर चांगला देतो, पण घसाऱ्यावर सायकल उचलून चढताना पाय वाकत नाही. मधल्या कडकपणाचा, खोल खाचांचा रबरी तळ बघ. एक परीक्षा सांगते. दुकानदाराला क्लीट लावून द्यायला सांग आणि फरशीवर चार पावलं टाक. खट खट वाजलं तर क्लीट रबराच्या बाहेर आली आहे. ओल्या कातळावर तुझं सगळं वजन त्या धातूवर येईल आणि पाय निसटेल. न वाजणारा बूट घे.

काही बुटांत क्लीटची खाच रबराच्या तुकड्याने झाकलेली असते, ती कापून काढावी लागते. आतून, पावलाच्या गादीखाली, भोकांवर चिकटवायची पट्टी मिळते. ती विसरलास तर पहिल्याच ओढ्यात मोजे भिजतील.

क्लीट कुठे बसवायची

बूट पायात असताना अंगठ्याच्या मुळाचं फुगीर हाड बोटाने चाचप आणि बुटाच्या बाहेरून खडूने खूण कर. करंगळीच्या मुळाशीही तशीच कर. या दोन खुणांच्या मध्ये पेडलचा अक्ष यावा. डोंगरात मी तो पुढे न नेता जरा मागेच ठेवायला सांगते. उतारावर उभं राहताना पोटऱ्या कमी थकतात आणि टाच खाली दाबता येते.

कोन ठरवायचा तर उंच ओट्यावर बस आणि पाय मोकळे लोंबकळू दे. बोटं सहज जिकडे बघतात तिकडेच ती पेडलवरही बघू दे. कुणाचे पाय सरळ असतात, कुणाचे बाहेर वळलेले. पुस्तकातला सरळ कोन जबरदस्तीने लावलास तर फ्लोटचा निम्मा भाग तिथेच संपतो, आणि मग गुडघा दुखतो किंवा पाय अवेळी सुटतो. गुडघ्याच्या आतल्या वा बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर क्लीटचा कोन थोडा बदल, दोन-तीन फेऱ्या कर आणि मग ठरव. हलवण्याआधी जुन्या जागेभोवती मार्करने रेघ ओढ, म्हणजे परतीची वाट राहील.

स्प्रिंग सैल ठेव

एसपीडीत प्रत्येक पकडीला छोटा स्क्रू असतो, त्यावर अधिक आणि उणेची खूण असते. दोन पेडलं, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे स्क्रू चार. चारही अगदी सैल कर आणि मग एकेक टिक मोजत सारखे आण. एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल राहिली तर कधी पाय सहज सुटेल आणि कधी अडेल, आणि तू दोष स्वतःला देत बसशील. सुरुवातीला सगळ्यात सैलच ठेव. पाय आपोआप निसटायला लागल्याशिवाय एक टिकही आवळू नकोस. मित्र आवळून घे म्हणाले तरी नको. घट्ट स्प्रिंग ही मर्दुमकी नव्हे.

दोन्ही पाय सोडायला शिकव

हा मंत्र मी सगळ्यांत मोठ्याने सांगते. आपल्याला एक पाय टेकायची सवय असते, बहुतेकांना एकच. मैदानात ते चालतं. सह्याद्रीतली वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. जाताना डोंगर डावीकडे असेल तर येताना उजवीकडे. थांबताना पाय डोंगराकडचाच टेकायचा असतो. तुझा सवयीचा पाय दरीकडचा असला आणि तोच आधी सुटला, तर खाली टेकायला जमीनच नाही. म्हणून जो पाय कमी हुशार आहे त्याला दुप्पट सराव दे.

सराव असा कर. आधी घरी भिंतीला हात लावून सायकलवर बस. पाय आत, पाय बाहेर, डावा, उजवा, कंटाळा येईपर्यंत. पाय खाली, क्रँकच्या तळाला असताना टाच बाहेर ढकल. ओढू नकोस, फक्त टाच वळव. मग गवताच्या मैदानावर हळू चालवत ठरलेल्या झाडापाशी थांब. थांबण्याच्या थोडं आधीच पाय सोड आणि ज्या बाजूचा सोडला त्याच बाजूला सायकल जरा कलव. मग हलक्या चढावर, गिअर मोठा ठेवून, मुद्दाम अडकून थांब. क्लिपवरची बहुतेक माणसं वेगात पडत नाहीत, थांबताना पडतात. सायकल जागच्या जागी आडवी होते आणि मनगट किंवा कोपर दगडावर येतं. हातमोजे आणि कोपराचे पॅड मैदानावरही घाल.

वाटेवर अवघड दगड दिसला, वळणापलीकडचं दिसेना, किंवा टेकडीवर सकाळी फिरायला आलेले आजी-आजोबा समोर आले, तर तिथे पोचायच्या आधी एक पाय मोकळा कर. पेडलवर नुसता ठेवून चालवता येतं. चौकटवालं पेडल घ्यायला सांगितलं ते यासाठीही.

स्क्रू तपास, नाहीतर पाय अडकेल

क्लीटचे स्क्रू ढिले झाले तर काय होतं ते नीट समजून घे. तू टाच वळवतोस, बूट वळतो, पण क्लीट पेडलमध्ये जागची हलत नाही. बूट तिच्याभोवती फिरतो आणि पाय सुटतच नाही. यावर जोर लावून उपयोग नसतो. थांबता आलं तर भिंत किंवा झाड धर, बुटाचे पट्टे उघड, पाऊल बाहेर काढ आणि बूट नंतर हाताने सोडव. एसपीडी असेल तर स्प्रिंग सैल केलीस की तो सहज निघतो.

हे टाळणं सोपं आहे. बसवताना स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लाव, चारच्या अॅलन कीने ५ ते ६ न्यूटन मीटरपर्यंत घट्ट कर. पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळ, नंतर दर महिन्याला. स्क्रूच्या डोक्याच्या खाचेत माती बसून दगड होते आणि मग अॅलन की आत जात नाही. तिथे मेणबत्तीचं मेण दाबून भर. काढायचं असेल तेव्हा टाचणीने उकरलं की निघतं. खोगिराखालच्या पिशवीत चारची की आणि एक जादा स्क्रू कायम असू दे.

बसवणं आणि निगा

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना पेडलवर वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पेडलं घट्ट होतात, मागे ओढला की सैल. आट्यांना ग्रीस लाव आणि सुरुवात बोटांनीच कर. बोटांनी तीन-चार वळसे सहज गेले तरच पाना लाव. क्रँक अॅल्युमिनियमचा असतो, वाकडं पेडल जोराने घातलं तर आटे जातात, आणि मग पेडलच्या पैशात न मिळणारा क्रँक घ्यावा लागतो. एम ५२० ला १५ चा पाना लागतो, काही महागड्या पेडलांना आतून ८ ची अॅलन की.

पावसातून आलास की पेडलवर पाणी टाक, पण बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नकोस. पकडीतला चिखल खराट्याच्या काडीने काढ, पुसून कोरडं कर आणि स्प्रिंगवर तेलाचा एकेक थेंब सोड. जास्तीचं पुसून टाक, नाहीतर धूळ धरेल. उन्हाळ्यात चेनचं कोरडं वंगण वापर. शिमानोच्या गोळ्या-बेअरिंगांना पुन्हा ग्रीस भरता येतं आणि ती वर्षानुवर्षं चालतात. क्रँकब्रदर्सची बेअरिंग बदलायचं किट मिळतं, ते लवकर लागतं, तो खर्च आधीच धर.

क्लीट झिजली की दोनपैकी एक होतं, पाय अवेळी सुटतो किंवा सुटताना अडतो. कडा गोल झालेल्या दिसल्या की जोडीने बदल. वापरलेली पेडलं घेणार असशील तर अक्ष धरून पेडल आडवं हलवून बघ. खडखडलं तर बेअरिंग गेलेलं. पकडीची कड बोटाने चाचप, खड्डा पडला असेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.

आता दुकानात जा

माझं ऐकशील तर आधी बूट घे, मग दोन्ही बाजूंनी क्लिप असलेलं, चौकटीचं एसपीडी पेडल, आणि सोबत चंदेरी क्लीटची वेगळी जोडी. स्प्रिंग सगळ्यात सैल. कोकणात आणि घाटमाथ्यावर भर पावसात फिरणारच असशील तर कँडी किंवा टाइम, लहान कोनावर. पहिला पावसाळा काढ, मग काय बदलायचं ते तुझे पायच सांगतील.

आणि एक अट. दोन्ही पाय विचार न करता सुटू लागल्याशिवाय दरीच्या कडेच्या वाटेवर क्लिप लावून जायचं नाही. तोवर साधी पेडलं जपून ठेव, आणि त्या वाटेवर जायचं असेल त्या दिवशी पंधराचा पाना घेऊन तीच लाव.